स्वचिकित्सा कोठवर आणि वैद्याश्रय केव्हां ? — भाजें येथील लेण्यांच्या निमित्तानें एक विचार

१

पुणें-मुंबई लोहमार्गावरील मळवली स्थानकावर उतरून दक्षिणेकडे चालूं लागलें म्हणजे थोड्याच वेळांत भाजें गांव लागतें. माथ्यावर लोहगड व विसापूर हे जोडकिल्ले, समोर इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडे कार्ल्याचा डोंगर, आणि गांवाला लागूनच विसापुराच्या पश्चिम उतारावर कोरलेलीं बावीस लेणीं, असा हा परिसर आहे. लेण्यांचें खोदकाम इ. स. पूर्वीच्या दुसऱ्या शतकांत सुरू झालें असें सामान्यतः मानितात. येथील चैत्यगृह, त्याच्या छताच्या लांकडी फासळ्या आणि सूर्य व इंद्र म्हणून ओळखलीं जाणारीं शिल्पें ह्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत भर घालण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचें लक्ष दोन साध्या गोष्टींकडे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तेथील चौदा स्तूपांचा समूह. त्यांपैकीं पांच कड्याच्या आंत व नऊ बाहेर आहेत. हे स्तूप ह्या विहारांत निवर्तलेल्या स्थविरांचे असून धमगिरि, संघदिन अशीं नांवें त्यांवर कोरलेलीं आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याची पोढी. महारठी कोसिकीपुत विण्हुदत ह्यानें ती दान दिली असें तेथील लेख सांगतो. हे दोन पुरावे एकत्र वाचले म्हणजे लेणें हें केवळ शिल्प राहत नाहीं. तेथें माणसें राहत होतीं, पाणी पीत होतीं, म्हातारीं होत होतीं, आजारी पडत होतीं व मरत होतीं.

तेव्हां प्रश्न असा उत्पन्न होतो कीं, मावळच्या पावसांत, डोंगराच्या कुशींत, नगरापासून दूर राहणाऱ्या ह्या मंडळींस दुखणें आलें असतां तीं काय करीत ? कोणतें दुखणें आपलें आपण निस्तरीत, आणि कोणत्या वेळीं वैद्यास शोधीत ? हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाहीं. तोच प्रश्न आजहि प्रत्येक घरांत दर पंधरवड्यास उभा राहतो, आणि त्याचें उत्तर चुकल्यास काय होतें तें आम्हीं भाजें येथेंच एकदां पाहिलें आहे. तो प्रसंग प्रथम सांगणें आम्हांस प्राप्त आहे. कारण त्यांतील चूक आमची होती.

२

इ. स. १९८७ च्या पावसाळ्यांत आम्ही मावळांतील एका शाळेंत संस्कृत व मराठी शिकवीत होतों, आणि भाजें येथें एका शेतकऱ्याच्या घराची पडवी घेऊन राहत होतों. ज्याला संस्कृत येतें त्याला वैद्यकहि येतें अशी गांवाची समजूत होती, आणि ती समजूत मोडण्याइतके आम्ही प्रामाणिक नव्हतों. ओवा, सुंठ, हिरडा, सितोपलादि चूर्ण असा लहानसा संग्रह आम्हीं ठेविला होता. खोकला, पडसें, अजीर्ण ह्यांवर तो लागू पडे, आणि त्यामुळें आमचा आत्मविश्वास वाढत चालला होता.

आषाढांतल्या एके दिवशीं उजाडतांना शेजारचा एक शेतकरी आपल्या दहा वर्षांच्या मुलास घेऊन आला. मुलाचें पोट दुखत होतें. रात्रीं झोपेंत बोटाला कांहींतरी टोचल्यासारखें वाटलें असें तो म्हणाला. आम्हीं बोट पाहिलें. सूज नव्हती, लाली नव्हती, दाबलें तरी दुखत नव्हतें. आम्हीं मनाशीं असा न्याय लाविला कीं, साप चावता तर वेदना झाली असती. वेदना नाहीं, अर्थात् साप नाहीं. मुंगी किंवा किडा असेल. पोटदुखीचा आणि बोटाचा संबंध आम्हीं जोडला नाहीं. ओवा व सुंठ देऊन त्यास निजवावें असें सांगितलें.

दोन तासांनीं मुलाची आजी धांवत आली. "गुरुजी, पोराच्या पापण्या उचलंनात," असें ती म्हणाली. आम्हांस वाटलें, रात्रीं झोप नाहीं म्हणून डोळे मिटत असतील. तेंहि आम्हीं बोलून दाखविलें. म्हातारीनें मात्र आमचें ऐकलें नाहीं. तिनें मुलाला दुधाच्या मोटारींत घातलें आणि आम्हीं शरमेनें बरोबर गेलों.

रुग्णालयांत डॉक्टरांनीं विचारलें, "केव्हांपासून असें होतें आहे ?" आम्हीं शिकलेले म्हणून आम्हींच पुढें होऊन उत्तर दिलें, "सकाळपासून पोट दुखतें आहे." तें उत्तर खरें होतें, पण निरुपयोगी होतें. तेव्हां आजीनें पदर सांवरून सांगितलें तें असें: "पहिला कोंबडा आरवला तवा भुईवर निजलेलं पोर उठलं न् बोटाला टोचलं म्हनलं. म्हशीची धार काढून आले तवर पोटात कळ आली. उजेडाची लोकल गेली तवा पापण्या पडाया लागल्या. आता बोलताना जीभ जड झालीया." डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मण्यार." बोटावर दाताची खूण त्यांसहि दिसली नव्हती. निदान झालें तें म्हातारीच्या ह्या चार वाक्यांवरून.

प्रतिविष टोंचलें गेलें. तोंवर मुलाचा श्वास मंदावला होता. त्या काळीं त्या ठिकाणीं कृत्रिम श्वासाचें यंत्र नव्हतें; घशांत नळी घालून हातानें दाबावयाची रबरी पिशवी होती. ती पिशवी बाप, चुलता, आम्ही आणि एक परिचारिका ह्यांनीं आळीपाळीनें ती सबंध रात्र व दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत दाबली. मुलगा वांचला. आज तो पन्नाशीकडे झुकला असून भाताची शेती करितो. परंतु आमचे ते दोन तास वजा झाले नाहींत. आणखी एक तास आम्हीं त्यास निजवून ठेविला असता तर काय झालें असतें, हें त्या डॉक्टरांनीं आम्हांस सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं.

ह्यानंतर आम्ही ग्रंथांकडे वळलों. आमची चूक अज्ञानाची होती कीं विचाराच्या रीतीची, हें आम्हांस पाहावयाचें होतें.

३

भाज्याच्या कोरीव लेखांत दात्यांचीं व स्थविरांचीं नांवें आहेत. तेथील दिनचर्या नाहीं. भिक्षूंच्या राहणीकरितां विनयपिटकच पाहिलें पाहिजे. त्यांतील महावग्गाचा सहावा खंधक सबंध औषधांविषयीं आहे. शरद् ऋतूंत होणाऱ्या विकारानें भिक्षु कृश व पिवळे झाले, खाल्लेलें अन्न त्यांच्या पोटांत ठरेना, तेव्हां बुद्धानें पांच औषधें कालीं व विकालीं घेण्यास मोकळीक दिली असें तेथें सांगितलें आहे. तीं पांच म्हणजे तूप, लोणी, तेल, मध व काकवी. पुढें हळद, आलें, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा व नागरमोथा हीं मुळें. निंब, कुडा इत्यादिकांचे काढे. वावडिंग, पिंपळी, मिरें, हिरडा, बेहडा व आंवळा हीं फळें. शिवाय हिंग व निरनिराळीं मिठें ह्यांसहि अनुज्ञा मिळाली. मावळांतील कोणत्याहि म्हातारीच्या बटव्यांत ह्यांतलीं निम्मीं द्रव्यें आजहि सांपडतील. तात्पर्य, स्वतः औषध घेणें ही हीन गोष्ट आहे असें विनयकारांस मुळींच वाटत नव्हतें.

परंतु ही मोकळीक अमर्याद नव्हती. तूप-लोण्यादि पांच औषधें सात दिवसांपलीकडे जवळ ठेवूं नयेत असा नियम झाला. हा नियम साठवणीचा आहे, उपचाराचा नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि औषधास मुदत असते ही दृष्टि त्यांत आहे.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. राजगृह येथें आकासगोत्त नांवाच्या वैद्यानें एका भिक्षूच्या भगंदरावर शस्त्र चालविलें. तें पाहून बुद्धानें त्या ठिकाणीं शस्त्रकर्म करण्यास मनाई केली, आणि पुढें त्या भागाच्या सभोंवारच्या दोन अंगुळांत शस्त्र किंवा बस्ति चालवूं नये असा नियम घातला. मनाईचीं कारणेंहि दिलीं आहेत: तेथील त्वचा नाजूक असते, जखम भरून येणें कठीण असतें, आणि शस्त्र आवरणें कठीण असतें. ह्या तिन्ही कारणांत रोग्याला दुखतें किती हा विचार नाहीं. चूक झाली तर ती सुधारतां येईल कीं नाहीं, हाच विचार आहे. त्याच ग्रंथांत अन्यत्र राजा बिंबिसाराचा भगंदर जीवकानें केवळ लेपानें बरा केल्याची कथा आहे, ती ह्याच्या शेजारीं ठेवून वाचण्यासारखी आहे.

महावग्गाच्या आठव्या खंधकांत अतिसारानें स्वतःच्या मलमूत्रांत पडलेल्या एका भिक्षूची गोष्ट आहे. त्याची कोणी विचारपूस करीत नव्हतें. बुद्ध व आनंद ह्यांनीं स्वतः त्यास धुऊन खाटेवर निजविलें, आणि तुम्हांस आई नाहीं, बाप नाहीं, तुम्हींच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे असें संघास बजाविलें. ह्या प्रसंगीं ज्याची शुश्रूषा करणें कठीण अशा रोग्याचीं पांच लक्षणें दिलीं आहेत: तो हिताचें आचरीत नाहीं, हिताच्या गोष्टींतहि प्रमाण ओळखीत नाहीं, औषध घेत नाहीं, रोग वाढतो कीं उतरतो कीं तसाच आहे हें शुश्रूषा करणारास खरें सांगत नाहीं, आणि वेदना सोसीत नाहीं. ह्यांतील चौथें लक्षण वाचतांना आम्हांस ती आजी आठवली. रोग चढतो आहे कीं उतरतो आहे एवढेंच तर तिनें सांगितलें होतें.

४

आतां वैद्यकाच्या ग्रंथाकडे वळूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, द्रव्य, परिचारक व रोगी. प्रत्येकाचे चार गुण, असे एकंदर सोळा. रोग्याच्या चार गुणांत स्मृति, वैद्याची आज्ञा पाळणें, निर्भयता आणि ज्ञापकत्व हे येतात. ज्ञापकत्व म्हणजे आपली अवस्था नीट जाणविण्याचें सामर्थ्य. आम्हीं हा अध्याय कितीदां तरी वाचला होता. ज्ञापकत्व ह्या पदाची व्युत्पत्ति सांगूं शकत होतों. परंतु त्या सकाळीं हा गुण होता तो अक्षरशत्रु म्हातारीच्या ठायीं. आम्ही मात्र अनुमान सांगत होतों. जें दिसलें तें सांगत नव्हतों.

अकराव्या अध्यायांत चरकानें रोगाच्या उपेक्षेविषयीं सांगितलें आहे. अजाण मनुष्य उत्पन्न होणारा रोग प्रथम ओळखीत नाहीं. जसा मूर्ख राजा लहान असतांना शत्रूस ओळखीत नाहीं. पुढें तो वाढतो, मूळ धरतो आणि बळ व आयुष्य हरण करितो. मग मनुष्य घाबरून सर्वस्व देऊन वैद्य शोधूं लागतो. ह्याच अध्यायांत वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला केवळ वैद्याचा वेष घेणारा; दुसरा नांवाजलेल्या लोकांशीं आपला संबंध सांगून मान मिळविणारा; तिसरा खरा, जीविताचें रक्षण करणारा. पुढें एकोणतिसाव्या अध्यायांत भोंदूचें वर्णन अधिक विस्तारानें येतें. कोणी आजारी आहे असें ऐकतांच तो धांवत येतो. आपले गुण मोठ्यानें सांगतो. दुसऱ्या वैद्याचे दोष पुनःपुन्हा काढतो. रोग्याच्या मित्रांस वश करितो. मला फार कांहीं नको असें म्हणतो. गुण आला नाहीं म्हणजे रोग्यालाच दोष देतो, आणि अंतकाळ दिसूं लागला म्हणजे दुसरीकडे निघून जातो. विद्वानांची सभा तो टाळतो.

हें वर्णन दोन हजार वर्षांच्या जवळपास जुनें आहे, पण त्यांतील एकहि खूण जुनी झालेली नाहीं. विशेष हें कीं, चरकानें वैद्यावर विश्वास ठेवा एवढेंच सांगून सोडलें नाहीं; विश्वास कोणावर ठेवूं नये हें त्यानें अगोदर सांगितलें. ज्याला खरा वैद्य हवा त्यानें परीक्षा केली पाहिजे, आणि ती परीक्षा सामान्य मनुष्यास करतां येते असें त्यानें धरिलें आहे. स्वतःचें ज्ञान कोठें संपतें तें सांगणारा, दुसऱ्या वैद्याकडे पाठविण्यास न लाजणारा आणि विचारलेल्या प्रश्नाचें सरळ उत्तर देणारा वैद्य हा ह्या भोंदूच्या अगदीं उलट असतो. ह्या तीन खुणा आम्हीं त्याच वर्णनावरून आपल्यापुरत्या काढल्या आहेत.

५

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुने ग्रंथ प्रमाण मानणें म्हणजे त्यांतील प्रत्येक उपचार आज प्रमाण मानणें नव्हे. विनयपिटकांत सर्पदंशावर मल, मूत्र, राख व माती ह्यांची योजना सांगितली आहे. चुल्लवग्गांत सर्पदंशानें मरण पावलेल्या एका भिक्षूची हकीकत असून, सर्पांच्या चार राजकुलांविषयीं मैत्री चिंतावी असा उपदेश त्या प्रसंगीं आला आहे. सुश्रुताच्या कल्पस्थानांत दंशाच्या चार अंगुळें वर बंध बांधणें, छेद घेणें, चोखणें, डागणें हे उपाय आहेत. हे सर्व उपाय त्या काळच्या उत्तम बुद्धीचे होते. आज बंध आवळणें, कापणें व चोखणें ह्यांनीं अपायच होतो हें ठरलें आहे. विषाचा उतारा एकच: घोड्यास विष अल्प प्रमाणांत टोंचून त्याच्या रक्तांतून काढलेलें प्रतिविष. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चौघांवर मिळून चालतें. मुंबईस परळ येथें इ. स. १८९९ मध्यें प्लेगसंशोधनाकरितां निघालेली व इ. स. १९२५ पासून हाफकीन ह्यांच्या नांवानें ओळखली जाणारी संस्था ह्या कामांत प्रसिद्ध आहे.

आमच्या चुकीचें मूळ आतां नीट दिसेल. मण्यार बहुधा रात्रीं, भुईवर निजलेल्या माणसास चावते. दंशाची खूण पुसट असते. सूज व वेदना जवळजवळ नसतात. कांहीं वेळानें पोटांत कळ येते, मग पापण्या खालीं येतात, गिळणें व बोलणें जड होतें आणि शेवटीं श्वासाचे स्नायु थकतात. उलटपक्षीं घोणस चावली म्हणजे वेदना व सूज दोन्ही भयंकर असतात. म्हणजे वेदना नाहीं म्हणून भय नाहीं हें आमचें अनुमान घोणसेविषयीं कदाचित् खपलें असतें. मण्यारीविषयीं तें प्राणघातक होतें.

विंचवाचें उदाहरण ह्याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवितें. सह्याद्रीच्या पलीकडे महाडजवळ बिरवाडी येथें डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला व प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग रूढ केला, इ. स. २०२२ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. दंशाच्या जागीं प्रचंड आग होणें हें एकट्यानें मोठें भयाचें लक्षण नव्हे. ओकारी, दरदरून घाम, हातपाय गार पडणें हीं लक्षणें दिसलीं म्हणजे हृदयावर आघात चालू आहे असें समजावें, आणि मग घटकाभरहि घरीं थांबूं नये. सारांश, वेदनेचें मान हें संकटाचें मान नव्हे. मनुष्य मात्र बहुधा वेदनेवरूनच वैद्याकडे जावें कीं न जावें हें ठरवितो.

हा प्रश्न एका गांवाचा नाहीं. इ. स. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसें दगावलीं असा अंदाज इ. स. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनें दिला आहे. ह्यांतील बहुतेक मरणें खेड्यांतील, आणि पुष्कळशीं पावसाळ्यांतील आहेत.

६

येथवर ज्ञानाविषयीं बोललों. परंतु विश्वास हा केवळ ज्ञानावर ठरत नाहीं, आचरणावरहि ठरतो. ह्याचा पुरावा पुणेंकरांस दूर शोधावयास नको. इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेग आला व १८९७ च्या आरंभीं पुण्यांत पसरला. रोगी वेगळे ठेवणें हें तत्त्व चुकीचें नव्हतें. परंतु रँड ह्यांच्या व्यवस्थेखालीं गोरे सोजीर घरांत शिरून झडती घेऊं लागले तेव्हां लोक रोगी लपवूं लागले. २२ जून १८९७ रोजीं रँड ह्यांजवर गोळी झाडली गेली. ज्या रोगापासून वांचवावयाचें त्या रोगापेक्षां वांचविणाराचीच भीति अधिक वाटूं लागली, हें त्या कारभाराचें अपयश होय.

त्याच साथींत सावित्रीबाई फुले व त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव ह्यांनीं पुण्याबाहेर दवाखाना चालविला. सावित्रीबाई स्वतः रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, त्यांतच त्यांस प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजीं त्या निवर्तल्या. तेथें लोक आपण होऊन गेले. रोग एकच, काळ एकच, शहर एकच. एकीकडे रोगी लपविले जात होते व दुसरीकडे आणले जात होते. हा फरक औषधाचा नव्हता, कारण त्या रोगावर खात्रीचें औषध तेव्हां कोणापाशींच नव्हतें. फरक होता तो वागणुकीचा.

ह्याला जोडून एक प्रतिवाद येतो, तोहि मांडला पाहिजे. प्लेगची लस हाफकीन ह्यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढें इ. स. १९०२ मध्यें पंजाबांतील मुलकोवाल येथें ती टोंचलेल्यांपैकीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. ज्या एका कुपींतील लस त्यांस दिली तींत दोष शिरला होता; हाफकीन निर्दोष आहेत हें मान्य होण्यास इ. स. १९०७ उजाडावें लागलें. म्हणजे खऱ्या विद्येंतहि चूक होते. म्हणून कोणी म्हणेल कीं, वैद्यावर विश्वास तरी कां ठेवावा ? ह्यास आमचें उत्तर असें कीं, मुलकोवालची चूक चौकशींत उघड झाली, तिचें कारण शोधलें गेलें व तिजवरून इतर सावध झाले. आमची १९८७ ची चूक मात्र आम्हीं आज लिहीपर्यंत कोणीहि तपासली नव्हती. घरांत होणाऱ्या चुकांची नोंद राहत नाहीं, म्हणून त्या कमी होतात असें आपणांस वाटतें.

७

ह्या सर्वांवरून आम्हांस जें वाटतें तें थोडक्यांत असें. घरगुती औषध श्रेष्ठ कीं वैद्याचें औषध श्रेष्ठ, हा वाद फोल आहे. विनयकारांनीं दोहोंस जागा दिली, चरकानेंहि दिली. खरा प्रश्न विचारावयाचा तो हा: माझा तर्क चुकला तर ती चूक उद्यां सुधारतां येईल काय ? पडसें, ओळखीचें अजीर्ण, किरकोळ खरचटणें, श्रमानें आलेली अंगदुखी ह्यांत चूक झाली तरी उद्यां सुधारतां येते. तेथें आलें, हळद, मध व विश्रांति ह्यांवर खुशाल भिस्त ठेवावी. दंश, श्वास कोंडणें, शुद्ध हरपणें, छातींत कळ, न थांबणारा रक्तस्राव, तोंड किंवा हातपाय एकाएकीं लुळे पडणें ह्यांत चूक सुधारण्यास उद्यां हा दिवसच मिळत नाहीं. तेथें वेदना असो वा नसो, प्रथम वैद्य, तर्क मागाहून. तान्हें मूल, गर्भवती व अतिवृद्ध ह्यांच्या बाबतींत ही रेषा अलीकडेच ओढावी, कारण त्यांच्या ठिकाणीं लहान दुखणें मोठें होण्यास वेळ लागत नाहीं.

दुसरें, घरीं उपचार आरंभितांनाच मुदत ठरवावी. अमुक वेळेपर्यंत उतार न पडला किंवा अमुक लक्षण दिसलें तर निघावयाचें, हें आधीं ठरवून घरांतील दुसऱ्या कोणास सांगून ठेवावें. आम्हीं त्या मुलाला निजवितांना मुदत सांगितली नव्हती. आजीनें आपल्यापुरती ती ठरविली होती.

तिसरें, वैद्यापुढें गेल्यावर आपलें निदान सांगूं नये. जें पाहिलें तें क्रमानें सांगावें. घरीं काय दिलें तेंहि लपवूं नये. काढा घेतला, मांत्रिकाकडे गेलों, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेतल्या, हें सांगण्यास लाज वाटते. परंतु न सांगितल्यास वैद्य अर्धा आंधळा होतो.

चौथें, सर्पदंशाचा संशय जरी आला तरी अंगठ्या-बांगड्या काढाव्या, तो अवयव मोडलेल्या हाडाप्रमाणें फळीला बांधून स्थिर ठेवावा, रोग्यास चालूं देऊं नये, आणि थेट प्रतिविष असलेलें रुग्णालय गांठावें. इ. स. २०१४ पासून महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दुधाच्या मोटारीची वाट पाहावी लागण्याचे दिवस मावळांत तरी बव्हंशीं गेले आहेत.

हीं कलमें कोणत्याहि डॉक्टरास नवीं नाहींत. संस्कृत जाणणाऱ्या व जुन्या ग्रंथांचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्यासारख्या मंडळींकरितां तीं येथें लिहिलीं आहेत. कारण ज्ञानाच्या प्रतिष्ठेमुळें गांव आपल्याकडे येतें आणि आपण नाहीं म्हणावयास कचरतों. अंगीं नसलेल्या वैद्यकीचा मान घेणें हें चरकानें सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारच्या वैद्याचेंच लक्षण आहे, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

गेल्या कार्तिकांत आम्ही पुन्हा भाजें येथें गेलों होतों. त्या शेतकऱ्याच्या घरांत आतां सगळे खाटेवर निजतात आणि मच्छरदाणी चोहोंबाजूंनीं गादीखालीं खोंचलेली असते. हा नियम आजीनें घालून दिला होता. ती गेल्यावरहि तो मोडलेला नाहीं. निघतांना त्या गृहस्थानें आमच्या हातीं तांदुळाची पिशवी दिली आणि "गुरुजी, अंधार पडायच्या आंत स्टेशन गांठा, वाटेवर गवत वाढलंय," असें सांगितलें. आम्हीं त्याचें ऐकलें.